बदकांची बाजू

‘मागे कोणी असलं तर?’ एवढीच काळजी होती, पण तिनं समीक्षाची झोप पार घालवली होती. ट्रक उलटा घ्यायचा, दोन्ही आरशांत सगळं मोकळं दिसायचं, आणि तरी मागे कोणी असलं तर? ती या कुशीवरून त्या कुशीवर वळायची. तिची झोप गेली की माझीही जायची, कारण मी तिच्या उशाशीच पडलेली असायचे.

मी समीक्षाची उशी बोलतेय. डोक्याखालची नव्हे, पाठीमागची. डोक्याखालच्या उशांना माणसांची स्वप्नं कळतात म्हणे. मला फक्त पाठी कळतात. त्याही नीट कळतात की नाही, याची मला खात्री नाही. सारखं दाबून घेणाऱ्याला हळूहळू काही जाणवेनासं होतं. तेव्हा माझ्या सांगण्यात चूकभूल झाली तर सांभाळून घ्या.

माझा जन्म उंद्रीचा. समीक्षा मात्र दुसरबीडची. तिकडे वडिलांच्या ट्रॅक्टरवर तिचा हात बसला. बी.ए. झाली, लग्न होऊन उंद्रीला आली, अर्पिता झाली. अर्पिता अंगणवाडीत जायला लागली तसं समीक्षानं नवऱ्याला सांगितलं, की मला मोठ्या गाडीचं लायसन काढायचंय. कुलदीपचं विहिरीवरच्या जळक्या मोटारी भरून द्यायचं दुकान आहे. तो बोलतो कमी. “काढ,” म्हणाला आणि तारेचं वेटोळं सोडवत बसला. हे ‘काढ’ कौतुकानं होतं की ‘बघू किती दिवस टिकतं’ म्हणून होतं, यावर समीक्षानं फार विचार केला. तिला प्रत्येक गोष्टीवर फार विचार करायची सवय आहे.

ड्रायव्हिंग स्कूलच्या ट्रकमध्ये ती पहिल्यांदा बसली, तेव्हा पाठ टेकली की पाय क्लचला पोचेनात, आणि पाय पोचवले की पाठ अधांतरी. शिकवणारे सर म्हणाले, “मॅडम, घरून एखादी उशी आणा.”

तिनं ते सासूला सांगितलं. जनकाबाई सुईत दोरा ओवत होत्या.

“लोकायच्या सुना पापड लाटतात, मशीन चालवतात. माही सून ट्रक चालवाले उशी मागून राह्यली.”

“राहू द्या आत्याबाई, बाजारातून आणते मी.”

“बाजारातली दोन दिवसात बसते. आण इकडं कापूस.”

घरचाच कापूस होता, सरकी काढलेला. एका अंगाला कुलदीपची जुनी जीन्स लागली. दुसऱ्या अंगाला कापड पुरेना, म्हणून अर्पिताचं तान्हेपणीचं दुपटं लागलं. पांढऱ्यावर पिवळी बदकं. धुऊन धुऊन त्यातल्या काहींच्या चोची गेल्या होत्या. जनकाबाईंनी मला दुहेरी दोऱ्यानं शिवलं. तोंडानं टोमणे चालू होते, पण टाके जवळजवळ पडत होते.

मी तयार झाले तेव्हा अर्पिता, म्हणजे घरची अप्पू, मला छातीशी धरून उभी राहिली. ती सगळा दिवस आजीजवळ असते, त्यामुळे बोलते थेट आजीसारखी.

“हे माहं दुपटं हाय.”

“हाव, तुहंच आहे. आईला देशील?”

अप्पूनं विचार केला. “देतो. पर बदकं तुह्या पाठीकडं पाह्यजेत. सीटकडं तोंड केलं त त्यायले आई दिसत नाई.”

तेव्हापासून हा घरचा कायदा झाला. जीन्स सीटला, बदकं आईला.

आता ट्रकवाल्यांची एक रीत सांगायला हवी. गाडी उलटी घेताना ड्रायव्हरला नेमकं मागचं दिसत नाही. म्हणून सोबतचा माणूस खाली उतरतो, मागे जाऊन उभा राहतो आणि गाडीच्या अंगावर हातानं थाप मारतो. एक थाप म्हणजे थांब. दोन थापा म्हणजे चालू दे. समीक्षा घरी सराव करायची तो बाजेवर. बाज म्हणजे ट्रक, परात म्हणजे स्टेअरिंग, पाठीमागे मी, आणि बाजेच्या पायथ्याशी थापा मारायला अप्पू. हा खेळ पोरीच्या अंगात इतका भिनला, की जेवतानासुद्धा ताटावर एक थाप मारायची, म्हणजे वरण पुरे. दोन मारल्या की अजून वाढ.

एका दुपारी लायसन पोस्टानं आलं. समीक्षानं पाकीट उघडलं, आपला फोटो पाहिला, फोटोत आपण आजारी दिसतो असं म्हणाली आणि ते तांदळाच्या डब्यावर ठेवून भाकरी टाकायला गेली. आनंद व्हायला हवा होता. तिनं तवा तापेपर्यंत वाट पाहिली. झाला नाही. शेजारणी आल्या, पेढे मागून गेल्या, “आता काय बाई, विमान चालवशीन पुढं,” म्हणाल्या. ती सगळ्यांशी हसली. मला कळत होतं, हसताना तिची पाठ हलत नव्हती.

लायसन हातात आलं म्हणजे गाडी हातात आली, असं नसतं. नव्या ड्रायव्हरला, त्यातून बाईला, गाडी कोण देणार? पण दोघे तयार झाले. आणि समीक्षाचं खरं दुखणं तिथून सुरू झालं, कारण नाही म्हणणाऱ्यांशी कसं वागायचं ते तिला माहीत होतं.

पहिले जहांगीरभाई. खामगावला त्यांचे ट्रक होते. कापसाच्या गाठी इचलकरंजीच्या सूतगिरण्यांना पोचवायच्या. समीक्षा मला काखेत धरून त्यांच्यासमोर उभी राहिली.

“बेटी, सीधी बात सांगतो,” ते म्हणाले. “गाडी पयल्या दिवशी तुह्या एकटीच्या हातात देनार नाई. मोतीराम माहा जुना ड्रायव्हर. त्याची घरवाली कौशल्याबाई बी गाडीतच राह्यते. सहा महिने त्यायच्यासंग जाय. मंग पाहू.”

“घरी कधी येणं होईन?”

“हप्त्यातून एकदा.” मग तिच्या तोंडाकडे पाहून म्हणाले, “कधी कधी दीडदा.”

कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात तिला गाडी उलटी घ्यायला लावली. मोतीराम बाजूला बसले. कौशल्याबाई खाली उतरल्या, पदर खोचला आणि मागे गेल्या. हाडापेरानं मोठी बाई, हातभर काचेच्या बांगड्या. दोन थापा पडल्या की बांगड्यांचाही आवाज यायचा. समीक्षा इंच इंच मागे सरकली. एक थाप पडली. ती थांबली, पण पाय थोडा उशिरा आला.

“बस व माय! भिंतीत घुसतं का आता?”

मोतीराम हसले. समीक्षाही हसली असावी. तिची पाठ माझ्यावर टेकली, पूर्ण टेकली. असं फार वेळा होत नाही. पण परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर पाहत होती आणि ओठ हलत होते. हप्त्यातून एकदा. अप्पूला ताप आला तर? तिची वेणी? ती रात्री आईचा पदर बोटाला गुंडाळून झोपते, त्याचं काय?

दुसरा गजेंद्र. चिखलीजवळ रस्त्याचं काम चालू होतं, तिथं त्याचा टिप्पर खडी टाकायचा. तरुण माणूस, बोलायला गोड.

“ताई, सकाळी आठला या, संध्याकाळी घरी. पोरीला भाकर तुमच्याच हातची. अजून काय पाह्यजे बाईमाणसाले?”

हे ऐकल्यावर समीक्षाच्या पाठीतला एक ताठर दोर सुटला. मला तो सुटलेला स्पष्ट कळला. तिनं मला सीटवर ठेवलं आणि टिप्पर चालवून दाखवला. ढिगाऱ्यापाशी आल्यावर उलटा घ्यायचा होता. तिनं रिव्हर्स टाकला आणि थांबून राहिली.

“काय झालं ताई?”

“मागे कोणी थाप नाही मारत?”

“थाप?” गजेंद्र हसला. “आरसे कायले देल्ले मंग?”

तिनं दोन्ही आरशांत पाहिलं. मग न्यूट्रल केलं, खाली उतरली आणि चालत मागे गेली. थोड्या वेळानं परत आली.

“होतं का कोणी?”

“नाही.”

“मंग?”

“मग काही नाही.”

तिनं टिप्पर उलटा घेतला, खडी ओतली, आणि सोमवारपासून येते असं सांगितलं. आपण हे बोललो की दुसरं कोणी बोललं, असा तिचा चेहरा होता. मग ती उतरली, चपला झटकल्या आणि फाट्याकडे निघाली.

मी सीटवरच राहिले.

ती मला विसरली. राग नाही आला मला. ज्या बाईला आपण हो म्हटलेलंही नीट ऐकू आलं नाही, तिला उशी कुठून आठवणार? वाटलं, येईल परत घ्यायला. नाही आली. संध्याकाळी एक दुसरीच पाठ माझ्यावर आदळली.

सहदेव, टिप्परचा जुना ड्रायव्हर. दुसरीकडे काम लागलं होतं म्हणून सोडून चालला होता. बदकं सीटकडे झाली, कारण त्याला कायदा ठाऊक नव्हता. त्या पाठीखाली मी जे शिकले, ते समीक्षाला सांगता आलं असतं तर मी गप्प बसले नसते. त्या गाडीचा ब्रेक नुसत्या पायानं लागत नव्हता. सहदेव कंबर उचलायचा, खांदे माझ्यात रोवायचा आणि सगळं अंग रेटून पाय दाबायचा. तेव्हा कुठे गाडी ऐकायची. प्रत्येक वेळी माझ्या शिवणीत काहीतरी ताणायचं.

आणि एकदा, उलटं घेताना, मागच्या चाकाखाली काहीतरी गेलं. लहानसा दचका बसला. कापसालाही जेमतेम जाणवेल एवढा. सहदेव उतरला, पाहून आला, चढला.

“काय होतं रे?” गजेंद्रनं लांबून विचारलं.

“माठ होता. बायायचा.”

“बरं.”

खडी पसरणाऱ्या बायका गाडीच्या सावलीत पाण्याचा माठ ठेवायच्या आणि जेवायलाही तिथंच बसायच्या. त्यांच्यातली एक उठली, खापरं उचलून रस्त्याच्या कडेला टाकली आणि पुन्हा घमेलं घेतलं. कोणी भांडलं नाही. मलाही काही वाटलं नाही. ते वाटलं नाही, हेच मला अजून आठवतं.

सोमवार उजाडायच्या आधीच एका ब्रेकला माझी शिवण गेली. कापूस बाहेर आला.

समीक्षा आली ती डबा घेऊन, केस घट्ट बांधून. केबिनमध्ये चढली आणि मला पाहिलं. बदकं डिझेलनं काळी झाली होती.

“हे काऊन फाटलं?” तिनं खाली उभ्या सहदेवला विचारलं.

“ब्रेक मारताना रेटा द्या लागते न ताई. लय कामाची उशी हाय तुमची. मी त म्हनतो, गाडीसंगच ठेवा.” तो मनापासून हसला. वाईट माणूस नव्हता.

ती बसली. मला पाठीमागे घेतलं, गाडी सुरू केली, थोडी पुढे नेली आणि ब्रेकवर पाय दिला. मग जोर दिला. मग जवळजवळ उभी राहिली. मी माझ्याकडून जेवढा देता येईल तेवढा आधार दिला. तो फार नव्हता. गाडी थांबली, पण आपल्या मर्जीनं थांबली.

तिनं किल्ली काढली आणि उतरली. कडेला खापरं पडलेली होती. ती त्यांच्याकडे पाहत राहिली. मग टिप्परच्या मागे गेली. तिथं दोन बाया सावलीत बसून तंबाखू मळत होत्या.

“गाडीच्या सावलीत बसू नका व,” समीक्षा म्हणाली.

“मंग दुसरी सावली दाखव, माय.”

लांबपर्यंत झाड नव्हतं. समीक्षानं खरंच पाहिलं सगळीकडे. मग गजेंद्रकडे गेली.

“त्या बायांना तिथून उठवा आधी. आणि ब्रेक करून घ्या. मी नाही चालवत ही.”

“भेव लागलं का ताई?”

“हाव.”

“रोज संध्याकाळी घरी जाता आलं असतं.”

“हाव,” ती म्हणाली आणि किल्ली त्याच्या हातात दिली.

तुम्हाला वाटेल, आता तिला हलकं वाटलं असेल. फाट्यापर्यंत तिनं मला पोटाशी धरलं होतं, आणि मला सांगता येणार नाही की त्या पोटात काय होतं. एसटीत शेजारच्या बाईनं विचारलं, “बाळ हाय का व त्यात?” तर ती म्हणाली, “उशी आहे.”

घरी जनकाबाईंनी मला पाहिलं आणि कपाळाला हात लावला. सगळं ऐकल्यावर सुई काढली. काळी बदकं सोड्यानं घासली, वाळवली आणि पुन्हा दुहेरी दोरा. समीक्षा समोर भिंतीला टेकून बसली होती.

“आता त्या खामगाववाल्याचं काय?”

“त्याचं काय! हप्ताभर अप्पूला कोण पाहील?”

सुई थांबली. “मले विचारलं का तू?”

“तुमचे गुडघे...”

“गुडघे पोरीले वाढतात का वरण? इतके दिवस विचार करून राह्यली, झोपत नाई, जेवत नाई. घरात एक म्हातारी बसेल हाय, तिले एकदा विचारलं नाई.” जनकाबाईंनी दोरा दातानं तोडला. “मी पाह्यतो पोरीले. वेणी घालतो, ताप आला त दवाखान्यात नेतो. पर तिले सांगाचं तू. ते मी नाई करत.”

समीक्षानं जहांगीरभाईंना फोन केला. ते म्हणाले, “ये बेटी. गाडी उंद्रीवरूनच जाते.” फोन करणं सोपं गेलं.

अप्पूला सांगणं राहिलं. न्हाऊ घालताना सांगणार होती, तर डोळ्यांत साबण गेला. वेणी घालताना सांगणार होती, तर रिबिन सापडेना. शेवटी बाजेवर, परातीचा ट्रक चालू असताना म्हणाली, “अप्पू, मी खऱ्या ट्रकमध्ये जाणार आहे. इचलकरंजीला.”

“तिथं काय हाय?”

“सूतगिरणी.”

“बरं,” अप्पू म्हणाली आणि दोन थापा मारल्या. गाडी पुढे.

पोरीला समजलं की नाही? रात्री आई नसणार, हप्ताभर नसणार, हे त्या ‘बरं’मध्ये होतं की नव्हतं? जुनी काळजी गेली आणि तिच्या जागी ही नवी येऊन बसली. मी पुन्हा उशाशी जागी.

आणि आज सकाळी उंद्रीच्या फाट्यावर ट्रक येऊन उभा राहिला. गाठींनी भरलेला, वर ताडपत्री घट्ट बांधलेली. मोतीराम स्टेअरिंगवरून बाजूला सरकले. म्हणाले, “रस्ता सरळ हाय. चिखलीपर्यंत तूच ने.” कौशल्याबाई मागच्या बाकावर स्टोव्ह आणि पिठाचा डबा सांभाळत बसल्या होत्या. रस्त्याच्या कडेला जनकाबाई, आणि कुलदीपच्या कडेवर अप्पू.

समीक्षा चढली. घाईत मला सीटवर ठेवलं. पाठ टेकली, पाय पोचले. किल्ली फिरवली.

अशी माझी हकिकत. सध्या माझी शिवण पक्की आहे, एका अंगाला डिझेलचा डाग आहे आणि पुढे किती पाठी, किती गावं, ते मला माहीत नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. कधी गाडीच्या सावलीत बसलात तर आतल्या माणसाला आवाज द्या. आणि तुम्ही आत असाल तर उतरून मागे जा. मागे काही नसेलही. नसलं तर बरंच.

मोतीरामांनी हातानं खूण केली. समीक्षानं पहिला गिअर टाकला. ती खाली पाहत नव्हती. पाहिलं तर पाय उचलणार नाही, असं तिनं ठरवलं असावं.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

एकच.

कुलदीप अप्पूला घेऊन दाराशी आला होता, आणि तिनं आपला लहानसा तळवा पत्र्यावर मारला होता. समीक्षाचा पाय ब्रेकवर गेला. या वेळी उशिरा गेला नाही. तिची पाठ माझ्यावर अशी थिजली, की मला वाटलं ही पाठ नाही, फळी आहे. जनकाबाईंनी पदर तोंडाशी नेला. मोतीराम समोर रस्त्याकडे पाहत राहिले. कौशल्याबाई मागून हळूच म्हणाल्या, “उतर व. घे एकदा जवळ. गाडी कुठं पळून जात नाई.”

समीक्षानं काच पूर्ण खाली केली. “काय झालं, अप्पू?”

अप्पूनं आईकडे पाहिलं नाही. मान वाकडी करून तिच्या पाठीमागे, माझ्याकडे पाहिलं.

“उशी उलटी लावली तू,” ती म्हणाली. “बदकं तुह्या पाठीकडं कर. मंग मी दोन मारतो.”